कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बत्तीस इंच

"ताई, स्वस्तातला बत्तीस इंची मॉनिटर अजिबात घेऊ नको. नुसते ठिपके दिसतील. सत्तावीसचा घे, थोडे जास्त गेले तरी चालतील," पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर सांगत होता आणि इकडं दारात टँकरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. फोन खांद्यात धरून मी पाइप ओढत होते. त्या दुष्काळात शहरातल्या आमच्या गारखेड्यात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही आलं तर. मी भावाला म्हटलं, "तुला आंघोळीला शॉवर आहे ना? मग तूच मोज ठिपके." आणि फोन ठेवून दिला.

मॉनिटर मला कामासाठी लागतच होता. मी नकाशे काढते. कुणाला शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे असले की त्याचा ले-आउट काढून देणं हा माझा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि कडेनं पिवळा पडलेला एक छोटा मॉनिटर, एवढंच माझं ऑफिस. त्या वर्षांत पाऊस गायब होता, पण शहराला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं जिथं ज्वारी उभी असायची तिथं चुन्याच्या रेघा पडत होत्या. मला मान वर करायला फुरसत नव्हती.

पण खरं सांगते, मॉनिटर हवा होता तो नानांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. पैठणपासून फर्दापूरपर्यंत बांधाबांधानं साखळी ओढत फिरलेला माणूस. रिटायर झाल्यावर ते माझ्या टेबलाला खुर्ची लावून बसायचे आणि माझा प्रत्येक नकाशा तपासायचे. रस्ता नऊ मीटरच्या जागी पावणेनऊ झाला की टेबलावर बोट आपटायचे, "माय, हे काय केलंस?" मी चिडायचे, भांडायचे, आणि मग गपगुमान दुरुस्त करायचे.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही, पण डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध झिजला. डॉक्टर म्हणाले, "चष्म्यानं काही होणार नाही. जे बघायचं ते मोठं करून, भरपूर उजेडात बघा. कडेकडेनं दिसत राहील." नानांनी 'बरं' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसले.

त्याच आठवड्यात त्यांनी एका प्लॉटच्या रुंदीत तिनाचा आठ वाचला आणि नकाशा चुकलाय म्हणून हट्टच धरला. मी घाईत होते, प्लॉटिंगवाल्या शेठचे सकाळपासून चार फोन येऊन गेले होते. मी फाडकन म्हणाले, "राहू द्या नाना, तुम्हाला नाही दिसायचं."

माझ्याच तोंडानं बोलले हे मी. नाना उठले, खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली. त्यानंतर दीड महिना ते टेबलाकडं फिरकले नाहीत. मी मुद्दाम विचारायचे, "नाना, एवढा कोपरा बघता का?" तर व्हरांड्यातूनच उत्तर यायचं, "मला कशाला विचारती माय? मला कुठं दिसतंय?" रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधेपणानं म्हणायचे. मला ती खुर्ची परत टेबलाशी हवी होती, बाकी काही नको होतं.

छोट्या मॉनिटरवर आकडे मोठे केले की नकाशाचा एकच तुकडा दिसायचा, शेजारचा प्लॉट बाहेर. आणि शेजार दिसल्याशिवाय मोजणीवाल्याला काही कळत नाही. भावानं सुचवलं म्हणून घरातला टीव्ही जोडून पाहिला. अक्षरांना लाल-निळी झालर आली आणि वर बघून बघून माझी मान धरली. शेवटी ठरवलं, मोठा मॉनिटर घ्यायचा, स्वस्तातला घ्यायचा, आणि नानांना दुकानात सोबत न्यायचं.

ते कसले येतात! मग मी एक युक्ती केली. म्हटलं, "नाना, दुकानदार मापात फसवतात म्हणे." झालं. माणसानं टोपी चढवली, खिशात टेप टाकला आणि माझ्या आधी स्कूटीवर येऊन बसला.

पैठण गेटजवळच्या त्या दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच सिनेमा चालू होता. हिरवे पोपट, निळं तळं आणि धो धो कोसळणारा धबधबा. नाना एका पडद्याच्या अगदी जवळ नाक नेऊन उभे राहिले. दुकानदार खूष होऊन म्हणाला, "देखो काका, कलर देखो! पानी कैसा चमक रहा!"

"पाणी नको दाखवू बाबा, आम्ही टँकरची माणसं," नाना म्हणाले. "नकाशा लाव."

मी पेन ड्राइव्हमध्ये चालू कामाचा नकाशा घेऊनच गेले होते. पण तो लागायच्या आत नानांनी टेप काढला आणि 'बत्तीस इंच' अशी चिठ्ठी लावलेला मॉनिटर आडवा मोजला. अठ्ठावीसही पुरते भरले नाहीत. बस्स, दुकानात तमाशा सुरू! "बत्तीस कुठाय? सांग की, चार इंच कुठं गेले? शेतात चार इंच दाबले तर लोक कोर्टात जातात, आणि तू इथं काचेत दाबतोस व्हय?" गिऱ्हाइकं गोळा झाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि आतून आनंदही होत होता, कारण दीड महिन्यात नानांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

दुकानदारानं न चिडता नानांच्या हातातला टेप हळूच तिरपा केला. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. "काका, इधर से इधर नापते इसको." बत्तीस बरोबर भरले. आता ही गंमत बघा, ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक प्लॉट कर्ण धरून तपासला, चारी बाजू जुळल्या तरी कर्ण जुळल्याशिवाय सही केली नाही, तोच माणूस इथं नेमका कर्ण विसरला होता. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून ते इतके हसले की टोपी खाली पडली. "कर्ण व्हय! अरे मग आधी सांगायचं ना, आपण एकाच धंद्यातले निघालो!"

त्यानंतर दोघांची अशी गट्टी जमली की मी बाजूलाच पडले. दुकानदारानं आधी बाक असलेला मॉनिटर दाखवला, दोन्ही कडा आत वळलेल्या. नानांनी तो बघितला न बघितला. "जन्मभर लोकांच्या वाकड्या रेघा सरळ केल्या, आता वाकड्या काचेत बसून बघू का?" दुसऱ्याची काच चकचकीत होती. त्यात नकाशाऐवजी दुकानातली ट्यूबलाइट दिसत होती, तोही गेला. उरले दोन. भावानं सांगितलेला सत्तावीस इंची, आणि तो बदनाम बत्तीस इंची.

मी सत्तावीसवर नकाशा लावला आणि खरं सांगते, जीव हरखला. केसासारख्या रेघा, आकडे छापल्यासारखे. दिवसभर काम करायला हेच हवं, असं माझं मन ओरडून सांगत होतं. मागं वळून पाहिलं तर नाना मान तिरपी करून, कडेकडेनं धडपडत बघत होते. "छान आहे," ते म्हणाले. म्हणजे त्यांना काही दिसत नव्हतं.

मग बत्तीसवर तोच नकाशा लावला. भाऊ खोटं बोलला नव्हता. रेघा जाड, अक्षरांच्या कडांना बारीक पायऱ्या. मला तर बघवेना. पण नाना हळूहळू पुढं सरकले, बोट काचेवर न टेकवता हवेत फिरवू लागले आणि म्हणाले, "गट एकशे बारा. त्याच्या शेजारी एकशे तेरा. हा रस्ता." एकेक आकडा बरोबर. एकाच नजरेत सगळा शेजार.

मी दुकानदाराला म्हटलं, "हाच बांधा."

"आपा, तुमकू तो वो अच्छा लगा था ना?"

"मला काय आवडलं ते सोडा. बांधा म्हणते ना!" मी उगाचच त्याच्यावर खेकसले आणि पर्समधून पैसे काढून मोजायला लागले. तो खोका नाना मागच्या सीटवर दोन्ही हातांनी कवटाळून बसले आणि आम्ही क्रांती चौकातून असे निघालो, की सिग्नलवर लोक वळून बघत होते.

तरी खुर्ची व्हरांड्यातच राहिली. मॉनिटर टेबलावर बसला, मी त्याच्या ठिपक्यांवरून भावाशी फोनवर भांडलेही, पण नाना आत येईनात. दुकानात बघणं वेगळं आणि लेकीच्या कामात तोंड घालणं वेगळं, असं त्यांच्या मनात असावं. चौथ्या दिवशी सकाळी मी शेठच्या जागेचा ले-आउट पूर्ण करत होते. पडद्यावर एका बाजूला माझा नवा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागेचा जुना गावनकाशा, झेरॉक्सची झेरॉक्स काढून स्कॅन केलेला. नाना पाणी प्यायला आत आले आणि तांब्या हातात धरून माझ्या मागंच थांबले.

"ही रेघ कशाची?" त्यांनी विचारलं.

"कुठली? ती होय, ती कागदाची घडी आहे नाना. झेरॉक्समध्ये उठलीय."

"घडी सरळ जाती माय. ही वळतीय."

मी बघितलं. गेले पंधरा दिवस मी तो नकाशा डोळ्यांखालून घालत होते आणि त्या पुसट रेघेला घडी समजून सोडून देत होते. आता जाडसर, पायऱ्या पायऱ्यांची का होईना, ती रेघ समोर दिसत होती. दुहेरी होती. बांधाला वळसा घालून खाली उतरत होती.

"ओढा आहे हा," नाना म्हणाले.

"अहो नाना, मी जागा बघून आलेय. तिथं सपाट मुरूम आहे, नुसत्या बाभळी. ओढा-बिढा काही नाही."

"चार वर्षं पाऊस नाय, कसा दिसंल ओढा? पाणी गेलं, ओढा तिथंच आहे." आणि मग त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "अकरा प्लॉट टाकलेस तू ओढ्यात. माय, हे काय केलंस?"

शेठला फोन केला तर ते भडकलेच. लोकांना प्लॉट दाखवून झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन दारात हजर. "ताई, काकांचं वय झालंय, त्यांच्या डोळ्यांचंही तुम्हीच सांगितलंत. तुम्ही कुठं त्यांचं मनावर घेता? नसेल जमत तर मी दुसरीकडून नकाशा काढून घेतो." ते काम गेलं असतं तर मला जड गेलं असतं. पण मी म्हटलं, "शेठ, नकाशा मी काढते, पण तपासतात ते. आधी जागेवर चला."

जागेवर नाना गाडीतून उतरले आणि माझा हात न धरता चालत सुटले. पूर्वेचा बांध, तिथून पावलं मोजत मध्ये, मग थोडं उतरून डावीकडं. थांबले. "शेठ, फावडं आणा." हातभर मुरूम उकरला असेल नसेल, खाली वाळू लागली. पांढरी, स्वच्छ, आणि तिच्यात गुळगुळीत गोटे. नानांनी एक गोटा उचलला, बोटांत फिरवला आणि शेठच्या हातावर ठेवला. "हा कुणी घासून आणून टाकला का बघा."

शेठनी तो गोटा उलटसुलट करून बघितला. नंतर एवढंच म्हणाले, "काका, किती जागा सोडू?" आणि नानांनी सांगितली तेवढी सोडली. नव्या नकाशात तिथं हिरवी पट्टी आली. पुढं एका वर्षी परतीच्या पावसात त्या पट्टीतून कमरेएवढं पाणी गेलं आणि दोन्ही बाजूंच्या घरांतले लोक कोरड्या अंगणात उभं राहून ते बघत होते, असं शेठनंच फोन करून सांगितलं.

पण माझी जीत त्या पाण्याची वाट बघत थांबली नव्हती. जागेवरून आम्ही घरी आलो त्याच दुपारी व्हरांड्यातून खुर्ची ओढल्याचा खरखर आवाज आला. मी मान वर केली नाही, मुद्दामच. खुर्ची माझ्या टेबलाला येऊन टेकली. नाना बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, पडद्याकडं मान तिरपी केली. मी ओढ्याच्या कडेची हद्द काढायला माउस हातात घेतला आणि डोळे बारीक करून पुढं वाकले.

नानांनी कोपरानं मला हळूच बाजूला सारलं.

"राहू दे माय," ते म्हणाले, "तुला नाही दिसायचं."

आणि मी सरकले.