लाल चिठ्ठी

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात स्टोअर सांभाळणारे एक कारकून आहेत. कुठल्याही वस्तूला टिचकी मारून ते विचारतात, "हे कामाचं हाय काय?" उत्तर द्यायला जरा उशीर झाला, की त्या वस्तूवर लाल चिठ्ठी. चिठ्ठी लागली, की ती वस्तू भंगारात गेलीच म्हणायची.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे समोर कोणीही उभं राहिलं तरी माझा तास सुरू होतो. एकदा त्यांनाही ऐकवलं, "झाडाच्या पेशीतही अशीच चिठ्ठी असते. काही प्रथिनं झाडाच्या संरक्षणाला एरवी लगाम घालून बसलेली असतात. रोग आला, की पेशी त्यांना चिठ्ठी लावते, त्यांचे तुकडे करते आणि मग संरक्षण मोकळं सुटतं."

"म्हंजे रोग आल्यावरबी जो 'थांबा थांबा' म्हणून राह्यला, त्यालेच झाड भंगारात काढते?"

"अगदी बरोबर!" मी खूश होऊन म्हणालो.

पुढे पवनार रस्त्यावरच्या कॉलेजच्या शेतात तुरीवर मर रोग आला. पोरं रोगट झाडं उपटायला निघाली. विभागप्रमुख या नात्याने मी म्हणालो, "थांबा, आधी समितीची बैठक घेऊ." बैठक होईपर्यंत अर्धी तूर वाळली.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत बसलो होतो. स्टोअरचे कारकून आले, माझ्या खुर्चीच्या पाठीला टिचकी मारली आणि म्हणाले, "सर, कामाचं हाय काय?"

खुर्चीबद्दल विचारताहेत की माझ्याबद्दल, ते कळेना. उत्तर द्यायला मला जरा उशीर झाला.