चित्र काही साफ येईना

माझ्या धाकट्या दिराला जगातली एकही वस्तू आहे तशी कधी पटली नाही. "कंपनी निम्मंच काम करती वैनी, उरल्यालं आपुन करायचं असतं," असं म्हणत त्यानं घरातल्या रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांचे स्क्रू पिळले. टीव्हीला अँटेना होता तेव्हा हा छपरावर आणि आम्ही दोघी जावा अंगणात. वरून तो ओरडायचा, "आलं का?" आम्ही म्हणायचो, "आलं!" मग आलेलं चित्र आणखी चांगलं करायला तो पुन्हा अँटेना फिरवायचा आणि होतं तेही घालवायचा. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यानं भटजींना थांबवलं आणि मुंडावळ्यांची गाठ फिरवून घेतली. जाऊबाईनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पळसदेवला धरणाच्या पाण्याकडेला आमची पेरूची बाग आहे. तिथल्या मोटारीची केबल चोरांनी कापून नेली, म्हणून बारामतीच्या दुकानातून कॅमेरा आणून खांबावर बसवला. घरी बसून मोबाइलवर बाग दिसायला लागली. बसवणारा माणूस सगळं जुळवून गेला. तो फाट्यापर्यंतही पोचला नसेल, एवढ्यात याची बोटं सुरू झाली. चित्र किती साफ हवं, सेकंदाला किती चित्रं यावीत, हे सगळं म्हणे आपल्याला ठरवता येतं. याच्या हातात ही विद्या देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. रिझोल्यूशन वाढवलं की रेंज पुरायची नाही आणि उडालेला बगळा हवेतच थांबायचा. कमी केलं की बगळा भुर्रकन जायचा, पण तो बगळा होता की कागद, ते कळायचं नाही. "थांब, बिटरेट चढवतोय," असं म्हणत तो ताटावर बसायचा नाही. शेवटी जाऊबाई म्हणाली, "जेवताय, का भाकरीला बी शेटिंग करून देऊ?"

पुढं पुढं मात्र कोणतंही सेटिंग केलं तरी याचं एकच, "पुसट हाय." दुकानदाराला फोनवर झापलं. मला शिडी धरायला लावून कॅमेऱ्याची काच पुसली. एका दुपारी मला हाक मारली, "वैनी, मोटारीपाशी चोर बसलाय बघा!" मी बघितलं. पेरूचे क्रेट होते. त्यांच्यावर रंगवलेलं आमचं नावसुद्धा मला वाचता येत होतं.

"भावजी, चित्र साफ हाय. डोळं दाखवून या."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया? आधी ह्यो फ्रेम रेट बघतो."

त्याला साखरेच्या गोळ्या चालू होत्या. त्याही तो आपल्या मनानं कमीजास्त करायचा. डॉक्टरनं सांगितलेलं प्रमाणही त्याला कधी पटलं नव्हतं.

शेवटी ओढतच बारामतीला नेला. डॉक्टरनं उजेड पाडून डोळे बघितले. साखरेनं आतला पडदा खाल्लाय, म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकलं तरी खूप. यानं विचारलं, "थोडं कमीजास्त करून न्हाय का जमायचं, डॉक्टर?"

घरी आल्यावर त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. कुठं काय आहे ते त्याला पाठ होतं. तो सांगत गेला, मी दाबत गेले. "चित्र पार बारकं करा वैनी. साफ नको आता. फकस्त अडकाय नको. हललेलं कळतंय मला अजून."

सकाळी बागेत मीच जाते, जाऊबाईचे गुडघे गेलेत. नवरा परगावी निघाला तरी मी कधी दारात उभी राहून हात हलवला नाही. आता त्या खांबापुढं उभी राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवते. बांधावरची माणसं हसतात. मग घरून त्याचा फोन वाजतो.

"हललं वैनी. तुमीच का?"

"मीच."

"बरं."

परवा मी निघाले तेव्हा तो मोबाइल समोर धरूनच बसला होता, तरी फोन वाजला नाही. माझ्या मोबाइलला रेंज भरपूर होती. तरी रेंज नसेल असं म्हणत मी हात हलवत तिथंच उभी राहिले.