देवाला वाहिलेला दुधी

यशया मास्तरांनी आयुष्यात कुणाला दुधीचं बी दिलं नाही, असं आमच्या वस्तीत म्हणत. आणि ते खरंच होतं. माणूस देवमाणूस, पण बियाण्याच्या बाबतीत पक्का कंजूष.

कोल्हारपासून दोन कोसांवर माळावर आमची मिशनची शाळा. तिच्यामागे नुसता मुरूम. १९४० साली मास्तरांनी तिथं बाग करायची ठरवली तेव्हा लोक हसले, कारण विहीर लांब. मग मास्तरांनी कायदा केला: भाकरी खाऊन हात धुवायचे ते झाडाच्या आळ्यातच, पाटी धुवायची तीही तिथंच. पालापाचोळा आणि लेंड्या खड्ड्यात कुजवायच्या. आम्ही अठ्ठावीस पोरं दिवसातून इतक्यांदा हात धुवायचो की आमच्या आया संशयानं बघायच्या. एवढ्याशा पाण्यावर जो वेल तगेल त्याचंच बी धरत मास्तरांनी चार वर्षांत स्वतःचा दुधी तयार केला. दर साली वेलावरच्या सगळ्यांत चांगल्या फळाला लाल चिंधी बांधायचे, ते बियाण्याचं. कुणी बी मागितलं तर म्हणायचे, "तुम्ही वाण बिघडवाल."

१९४४ साली उपकारस्तुतीच्या रविवारी मास्तर तापानं पडले होते. त्या दिवशी घरोघरचं पीक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाहायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही आमची रीत. शाळेतर्फे काय न्यायचं ते मी आणि माझ्या वर्गातल्या आमोसनं ठरवलं. देवाला उरलंसुरलं नाही, उत्तम तेच द्यावं, हे मास्तरांनीच शिकवलेलं. उत्तम कोणतं, ते तर चिंधीच सांगत होती. बाकीची फळं कधीच संपली होती. आम्ही तो दुधी तोडला आणि मोठ्या तोऱ्यात देवळात नेऊन ठेवला.

मास्तर घोंगडी पांघरून उशिरा आले. मेजावरचा दुधी बघून त्यांचा चेहरा पडला. देवाला वाहिलेलं परत कसं मागणार? लिलावात बोली लावायला मास्तरांकडे पैसे नव्हते; तो बनुबाईनं घेतला. ही वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी, तोंडानं फटकळ बाई. बाहेर आल्यावर मी रडत कबूल केलं, "मास्तर, म्या तोडला." मला वाटलं, आता छडी. ते म्हणाले, "दीना, चुकीचं काही केलं नाहीस," आणि खाली बसले. जुनं बी सगळं पेरून संपलं होतं; चार वर्षं गेली होती माणसाची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बनुबाईकडे गेले. ती भडकलेलीच होती. "असला जून दुधी देवाला देत्यात व्हय? माझी विळी मोडली. शेवटी दगडानं फोडला." अंगणात सुपात बी वाळत होतं. मास्तरांनी हात पुढे केला, तसं तिनं सूप मागं ओढलं. "देवाचं हाय, एकट्याला कसं देऊ? घराघरात वाटनार."

आणि वाटलंही. मास्तरांना सगळ्यांइतकंच, चिमूटभर. महिनाभर ते तिच्याशी नीट बोलले नाहीत.

पुढच्या साली शाळेच्या वेलावर माव्याची कीड पडली आणि वेल फूल धरायच्या आतच वाळून गेला. मास्तर टोपी हातात घेऊन बनुबाईच्या दारात उभे राहिले. तिच्या छपरावर, शेजारच्या छपरावर, पार वस्तीच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्यांचाच दुधी लटकत होता. मास्तर म्हणाले, "बनुबाई, थोडं बी मिळेल का?"

तिनं ओंजळभर दिलं.