खोडदला बिनतारी माइक चालत नाही

'उलटा काटा' हा पुण्यातला चौघांचा मराठी पॉप-रॉक बँड. १९९९ साली माझ्याच भौतिकशास्त्राच्या वर्गातल्या शेवटच्या बाकांवर तो जन्मला. आठ वर्षांत स्वखर्चाने काढलेली एक कॅसेट, एक सीडी आणि असंख्य स्नेहसंमेलने एवढी त्यांची वाटचाल झाली होती. २००७च्या एप्रिलमध्ये मात्र बास गिटार वाजवणाऱ्या शैलेशला चेन्नईची नोकरी चालून आली. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता.

"या शनिवार-रविवारच्या यात्रांत, तीनपैकी कुठल्याही गावात कुणीतरी आपलं गाणं पुन्हा मागितलं, तर थांबशील?" गायक मंदारने विचारले.

"मागू दे तर खरं," शैलेश म्हणाला. ध्वनियंत्रणा सांभाळायला मीही निघालो.

ही तीन गावे मिळाली कशी, हे सांगायला हवे. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच तिथे येऊन कार्यक्रमाची सुपारी देतात. मंदारने त्याच रांगेत खुर्ची टाकली, कॅसेट लावली आणि शिनोली, खोडद, आणे अशी तीन गावे पदरात पाडून घेतली.

शुक्रवारी पुणे-नाशिक रस्त्याने मंचर गाठले. तेथून डावीकडे घोडेगाव आणि त्यापुढे भीमाशंकरच्या वाटेवर शिनोली. टेम्पोने साडेतीन तास लागतात. मंचरला मिसळ अवश्य खावी. वीस रुपयांत दुपारपर्यंतची सोय होते.

शिनोलीत आम्ही आवाज भरपूर ठेवला. माइक आणि गिटारी सारे नव्या बिनतारी यंत्रणेवर होते; माइक घेऊन मंदार थेट लोकांत शिरला. तिसऱ्या गाण्यानंतर एक आजोबा माझ्याजवळ आले. "पावणं, पोरं लई घाम गाळत्यात. पर म्हणत्यात काय, ते काय कळंना. एखादं पिच्चरचं येतंय का?" उरलेला कार्यक्रम हिंदी गाण्यांवर उरकला.

शनिवारी खोडद. नारायणगावहून पूर्वेला वळलात, की शेतांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड जाळीदार तबकड्या दिसू लागतात. येथे जरा थांबतो, कारण पुढचे सारे याच्यावरच अवलंबून आहे. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात, की जवळचे कुठलेही बिनतारी यंत्र त्यांना सहज झाकून टाकते. मी हे वर्षानुवर्षे शिकवत आलो आणि तरीही आमची नवी यंत्रणा घेऊन खुशाल तिथे पोहोचलो! यात्रेचे पंच पोपटभाऊ यांनी पेटी उघडताच ओळखले.

"राव, ह्ये बिनतारी हितं न्हाई चालायचं. दुर्बिणीला तरास व्हतो."

"दहाच मिनिटं लावतो, भाऊ," मंदार अजिजीने म्हणाला.

"मंग तारं थांबत्यात का दहा मिन्टं, इचारून या!"

मंडप हसला. आमची तोंडे मात्र उतरली, कारण नवी यंत्रणा आली म्हणून मंदारने साऱ्या तारा पुण्यातच ठेवल्या होत्या. "आठ वर्षं तारा मीच गुंडाळल्या," शैलेश म्हणाला, "एकदा तुझ्यावर सोपवलं."

अखेर शाळेतला एक माइक मिळाला, त्याची तार जेमतेम दोन हात. चौघे त्याच्याभोवती दाटीवाटीने बसले. साधी गिटार हाती घेतली, दाटीत ड्रम मावेनात म्हणून टोमॅटोचे क्रेट उलटे केले. तारेवाचून बास गिटार मुकी झाल्यामुळे शैलेश प्रथमच गायला. ऐकू यावे म्हणून लोक पुढे सरकले. शिकायला शहरात निघालेल्या मुलीला बाप बाजाराच्या टेम्पोतून सोडायला जातो, असे ते त्यांचे स्वतःचे गाणे: 'टोमॅटोच्या क्रेटांमधी माझी ट्रंक.' गाणे संपल्यावर कडेवर लेकरू घेतलेली एक बाई म्हणाली, "ओ भाऊ, ते टरंकेचं आजून एकदा म्हणा की."

शैलेश मंदारच्या कानाशी लागला, "तुझी कोणी लागत नाही ना?" पण तो पुन्हा गायला. परतताना मात्र म्हणाला, "एका बाईनं मागितलं म्हणून कोणी नोकरी सोडतं का, सर?"

रविवारी नारायणगावात तारा विकत घेतल्या आणि आळेफाट्यावरून घाट चढून आण्याच्या पठारावर आलो. जेवायला झणझणीत आमटी आणि भाकरी; पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. सूर जुळवत होतो, तोच पुढच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "आमची लेक खोडदला दिलीय. सकाळीच तिचा फोन आला. ते टरंकेचं आदी घ्या, मंग तुमचं काय आसंल ते."

शैलेशने बास गिटार खाली ठेवली आणि माइक स्वतःकडे ओढला.

घरी परतून हिशेब मांडला, तर मनात राहिले ते पुढे सरकणारे खोडदचे लोक. आवाज वाढवला की तो दूर पोहोचतो, हे मला ठाऊक होते. माणसे जवळ कशाने येतात, हे मी कुठल्याच पुस्तकातून शिकवले नव्हते.

सोमवारी शैलेश महाविद्यालयात आला. "सर, चेन्नईला नकार कळवला. आता बाबांना समजावायचं काम तुमचं."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि शिनोलीपासून क्रमवार सारे सांगितले. वडिलांनी न टोकता ऐकून घेतले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "आठ वर्षं घरात नुसती धडधड ऐकतोय. ते गाणं काय आहे, म्हण बघू."