एस्तेरमावशीच्या घरचा चहा

अन्याय एस्तेरमावशीवर झाला. मी सातवीत होते त्या वर्षी, नाताळच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी, हुडकेश्वरला तिच्या स्वतःच्या दारात. तो आमच्या चर्चच्या मंडळीने केला, आणि सर्वांत पुढे होते माझे बाबा, गळ्यात ढोलक अडकवून. हे आधीच लिहिते, कारण आमच्याकडे पाप म्हटलं की दारू, जुगार, तंबाखू एवढंच धरतात, आणि चांगली माणसं निवांत बसून राहतात.

ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. नाताळची गाणी गात आम्ही घरोघरी फिरायचो. स्वेटर, कानटोप्या, टेम्पोत दाटीवाटी, प्रत्येक दारावर कागदाची चांदणी आणि आत करंज्या, चिवडा, केक. बाबांचा ढोलक सुरू झाला की शेजारची हिंदू, बौद्ध घरंही गच्चीवर येऊन ऐकायची. मला बाबांचा फार अभिमान वाटायचा. फक्त एका घरी, एस्तेरमावशीच्या, आम्ही रस्त्यावरूनच दोन कडवी म्हणायचो आणि निघायचो. ती दवाखान्यात सफाईचं काम करायची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. बाप्तिस्मा झाल्यावर जात उरत नाही, असं आमचे पाळक दर वर्षी सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. त्या वर्षी मावशीने बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा आत या, चहा ठेवते. ती ट्रे घेऊन दारात उभी राहिली. कपांतून वाफ निघत होती. बाबा म्हणाले, "पोट भरलं बाई, घाई हाय, पुढच्या वर्षी." लगेच पुढच्या घरी त्यांनी दोन कप घेतले. मी पाहिलं.

कॉलेजात गेल्यावर मी सफाई कामगारांसाठी पत्रकं वाटू लागले आणि चर्च सोडलं. प्रभू असता तर बाबांसारख्या माणसाच्या हाती चर्चमधली सेवा दिली असती का, हा माझा प्रश्न होता. जेवताना मी मावशीचं नाव काढायचे. बाबा उठून हात धुवायचे. माझ्या रागाने ते तसूभर हलले नाहीत.

गेल्या डिसेंबरात आईच्या आग्रहाखातर मी उपासनेला गेले. प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळे आळीपाळीने पितात, तो बाबाच देत होते. मावशी पुढे आली, प्यायली, प्याला परत देऊन जागेवर गेली. बाबा तो हातात धरून उभेच राहिले. मग साक्ष द्यायची वेळ आली. तिथे लोक ताप उतरल्याचं, नोकरी लागल्याचं सांगतात. बाबा म्हणाले, "एस्तेरबाईले हा प्याला मीच देतो, तिच्या ओठचा मीच परत घेतो. अन् तिच्या घरचा कप मले चालत नाही. हे पाप हाय. आज मी ते सोडून राहिलो. संध्याकाळी तिच्या घरी जातो." कोणी आमेन म्हटलं नाही. बाहेर चपला घालताना मंडळीतले सॅम्युएलकाका म्हणाले, "जुनं काहून उकरून राहिला गा?" बाबा म्हणाले, "जुनं कुठचं? यंदाही तेच करणार होतो."

संध्याकाळी आम्ही दोघंच निघालो, बाबांच्या गळ्यात ढोलक. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांचे पाय थांबले. "मले भेव लागून राहिलं वं. तिनं दारच नाही उघडलं तं? मंडळीनं टाकलं तं? चाल, परत जाऊ." एवढी भाषणं केलेली मी, पण त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं. किती वर्षांनी मी मनात म्हटलं, प्रभू, माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ. तेवढ्यात मावशीच्या घरातून आवाज आला. ती एकटीच नाताळचं आमचं तेच गाणं म्हणत होती, आणि तिसऱ्या कडव्यावर होती, जे आम्ही तिच्या दारात कधी म्हटलंच नव्हतं. बाबांची बोटं ढोलकावर पडली. त्या तालावर ते दारापर्यंत चालत गेले. मी यावर वाद घालत नाही. झालं ते लिहिते.

मावशीने दार उघडलं. "आज घाई नाही का जोसेफभाऊ?"

"नाही बाई."

"अन् पोट?"

"रिकामं हाय."

ती हसली नाही. आम्हाला आत बसवून चहा आणायला गेली आणि चांगलं ताटकळत ठेवलं. बाबांनी कप संपवला. मावशी म्हणाली, "चहा पिऊन सुटका नाही. माफी मागायले आले, तं मागा." बाबांनी हात जोडून मागितली. ती म्हणाली, "विचार करून सांगते."

तिने अजून सांगितलेलं नाही. बाबा दर शनिवारी जातात, चहा घेतात, वाट पाहतात. मंडळीतली दोन-तीन घरं आमच्याशी बोलत नाहीत. तरी बाबा इतके हलके मी कधी पाहिले नव्हते. मी परत चर्चला जाते. जे माझ्या पत्रकांनी झालं नाही, ते मी हात टेकल्यावर प्रभूने केलं, त्याचे उपकार मानते. राग माझा अजून आहे, पण आता तो त्याच्या पायाशी ठेवून मग मी बोलते.

आणि तुम्ही, हे वाचणारे. तुमची मंडळी कुठल्या दारातून घाईचं निमित्त काढून परत फिरते, ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. या नाताळला आत जा. बसा. दिलेलं खा, प्या. माफी मागा, आणि ती मिळेल याची खात्री न धरता मागा.