मामींचा स्टीलचा दांडा

जगात जे काही बिघडतं ते चुकीच्या वेल्डिंगमुळे बिघडतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामांचा वागळे इस्टेटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या कामाचा गाळा आहे. हॉटेलांची टेबलं, देवळांचे कठडे, दुधाच्या टाक्या, असं काय काय तिथे बनतं. त्यामुळे मामांना माणसंही जोडावरूनच कळतात. नुसत्या ठिणग्या उडवून जोडावर जळकी, खरखरीत मळी ठेवणारी ती रॉडच्या साध्या वेल्डिंगची माणसं. भराभर उरकणारी, पण जवळून बघू नयेत अशी ती सीओटू गॅसच्या वेल्डिंगची. आणि सावकाश, गाजावाजा न करता सुबक जुळणारी ती आर्गॉन गॅसची. माझं लग्न ठरताना त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा सीओटू आहे. चालेल." मी अजून चालतोच आहे.

आर्गॉनच्या कामाला वारा चालत नाही. जोडावरचा गॅस वाऱ्याने उडाला की जोड काळा पडतो. गाळ्यात हे ठीक आहे, पण मामा सवयीने कुणाच्याही घरी शिरले की आधी पंखा बंद करतात, मग चपला काढतात. ऐन मे महिन्यात ते वर्तकनगरला आमच्याकडे जेवायला आले की आम्ही सगळे घामाघूम होऊन आमरस खातो. मागे कल्याणला एका लग्नात तर ते जेवणाच्या काउंटरखाली शिरून चक्क आडवे झाले. मुलाकडच्या एका बाईंना वाटलं, सोन्याचं काहीतरी पडलंय. बघता बघता दोन्हीकडची माणसं जमिनीवर रांगायला लागली, भटजीबुवाही मंत्र थांबवून पाटाखाली डोकावले. मामा बाहेर आले ते तोंड पाडून.

"सापडलं का हो?" कुणीतरी विचारलं.

"सापडलं ना! इथे आर्गॉन मारायचं, तर गाढवांनी रॉड मारलाय."

मामींनी तोंडाला लावलेला पदर थेट डोंबिवलीला घरी पोचल्यावरच काढला.

त्याच मामी मध्यंतरी पडल्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळात दोन्ही भिंतींना धरायला दांडे लावा, पुन्हा पडल्या तर अवघड होईल. मामांसाठी हे खरं तर एका दुपारचं काम. पण त्यांना पद्धतच ठरवता येईना. रॉडने करावं तर मळीचा कण राहून मामींच्या तळव्याला टोचेल. सीओटूचे बारीक मणी उडून पाइपला चिकटतात, तेही खरखरीत. आर्गॉन करावं तर पाइप पातळ, ताप जरा जास्त झाला की वाकडा. रोज गाळ्यातून नमुन्याचे तुकडे घरी येत. मामी डोळे मिटून त्यांवर हात फिरवत आणि मामा दहावीचा निकाल असल्यासारखे समोर उभे राहत. तोवर बोळातून जाताना मामी त्यांच्याच खांद्याला धरायच्या. मामा पुढे, मामी मागे. "सावकाश गं, घाई नाही कसली," असं म्हणत वरात चाललेली. शेवटी माझाच धीर सुटला. "मामा, मी बाजारातून तयार दांडा आणतो ना!" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मामीच बदलून आणतो म्हणालो.

परवा एकदाचा दांडा बसला म्हणून बघायला गेलो. आर्गॉनचाच होता. बोट फिरवून पाहिलं, जोड कुठे सापडेना. पण होता फक्त डाव्या भिंतीला. उजवी भिंत मोकळीच.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"त्याची पद्धत अजून ठरायचीय," मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

"असू दे रे," मामी हसून म्हणाल्या, "मला कुठे घाई आहे?"

आणि त्या उठल्या. डावा हात दांड्यावर, उजवा मामांच्या खांद्यावर. दोघं हळूहळू बोळातून निघाली. डोक्यावर पंखा गरगरत होता. मामा आज तो बंद करायला विसरले होते. मी उठलो आणि हळूच बंद केला. आर्गॉनच्या जोडाला वारा चालत नाही.