तुराटीची काडीमोड

आमचे वकीलकाका लग्नाच्या पंगतीतही नवरदेवाच्या बापाला विचारायचे, "लगन कोन्त्या रीतीनं लागलं?" जिलेबी वाढणारा थबकायचा. काकांचं म्हणणं एकच. "घरात कोन्त्या दारानं शिरलो, थे मालूम पाह्यजे ना बाप्पा! निंगाचं त्याच दारानं असते."

माझं दार मीच विसरलो होतो.

सुनंदा हिंदू, मी बौद्ध. आर्णीत दोन्ही घरांनी तोंड फिरवलं, म्हणून आम्ही रजिस्टर लग्न केलं. काही वर्षांनी न भांडता वेगळे झालो. भांडायलासुद्धा दोघांचं जमावं लागतं. लग्नाला न आलेले दोन्हीकडचे वडीलधारे फारकतीला मात्र अगत्यानं आले. तिच्या मामांनी रूढीप्रमाणे तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, मोडली. मी मराठीचा मास्तर, म्हणून स्टॅम्पपेपरवर फारकत मीच लिहिली.

पुढे सुनंदाचं दुसरं लग्न ठरलं. कागदावर वकिलाचा शिक्का असला तर बरं दिसेल, म्हणून मी यवतमाळला कोर्टासमोर काकांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"अक्षर लय सुंदर हाय, मास्तर. फ्रेम करून घ्या."

"म्हणजे?"

"ज्याच्या जातीत काडीमोडीची रूढी हाय, त्यानं थे कोर्टात शाबीत करावं. मुसलमानात दोघंबी राजी असले, का मुबारात होते, म्हंजे आपसातली फारकत. तुमचं लगन रजिस्टरातलं. तिथं तुराटी कायले नेली? त्या पोरीनं आता लगन केलं, तं थे लगनच नाही!"

मी कागदाची घडी घातली. काका म्हणाले, "तुमी लिवलं, तुमीच सांगा तिले."

सुनंदानं सगळं ऐकलं. "सोडतानाही नापासच का, मास्तर?" म्हणाली आणि छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा उचलून कपाटावर ठेवला.

दोघांच्या संमतीचा अर्ज केला आणि सहा महिने थांबलो. तिचा होणारा नवराही थांबला. माझ्यापेक्षा समजूतदार निघाला. तारखेला काका आम्हाला एकाच बाकावर बसवून चहा पाजायचे. "वेगळं व्हाचं, तं मन साफ करून व्हा." शेवटच्या तारखेला जज्जसाहेबांनी संमती विचारली. मी इतक्या जोरात 'हो' म्हणालो, की काकांनी माझी बाही ओढली. "हळू, मास्तर. बाई आयकून राह्यली."

मागच्या वर्षी काका गेले. त्यांच्या टेबलाजवळ श्रद्धांजलीचा फळा लावला; लिहायचं काम अक्षरामुळे माझ्याकडे आलं. सुनंदा नवऱ्याला आणि लेकीला घेऊन आली. फळा सावकाश वाचून तिनं हळूच विचारलं, "हे तरी चालते ना, मास्तर?"

मी सवयीनं काकांच्या खुर्चीकडे पाहिलं.